उंदरांचं अभ्यंग

आमच्या नाटक कंपनीत शाप देण्याचं काम माझ्याकडे होतं. नायकाला गळा लागतो, नायिका होणाऱ्याला कंबर लागते, आणि देवानं मला दिली होती भुवई. जटा बांधून, कमंडलू घेऊन मी विंगेतून बाहेर आलो की पहिल्या रांगेतली माणसं पाय आखडून घेत. उमेदीची सगळी वर्षं मी गावोगाव शाप देत हिंडलो. मग बोलपट आले, कंपनी मोडली, पडदे लिलावात गेले आणि शाप तेवढे माझ्यापाशी उरले. त्यातले बरेचसे मी नाशिकच्या एका डॉक्टरांवर खर्च केले. त्याला आता चार-पाच वर्षं होतील, पण रस्त्यावर डांबर ओतताना दिसलं, तो वास नाकात गेला, की माझी भुवई अजून आपोआप चढते.

कंपनी मोडल्यावर मी पंचवटीत आक्काकडे येऊन राहिलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, जिभेची तिखट आणि हाताची गोड. डॉक्टर अविवाहित होते. आक्का त्यांचा स्वयंपाक करायची आणि त्याबद्दल दवाखान्यामागच्या दोन खोल्या तिला राहायला होत्या. मला ती ‘नाटक्या’ म्हणायची. लहानपणी लाडानं म्हणायची, मग चारचौघांत रागानं म्हणायची, आणि मी परत आल्यावर निव्वळ सवयीनं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच. वाईट माणसाला शाप देणं सोपं असतं. हा गृहस्थ गरिबांना फुकट औषध द्यायचा, रात्री-अपरात्री टांगा करून देवळालीपर्यंत जायचा, आणि आक्काच्या हातच्या आमटीला रोज न चुकता दाद द्यायचा. पण त्याला एक हौस होती. शोध लावायची.

विलायतेच्या कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की उंदराच्या पाठीवर डांबर लावत राहिलं तर काही महिन्यांनी तिथे गाठी येतात, आणि तो कर्करोगच असतो. आता उंदराला पोटातून कुठलं तेल, कुठलं तूप दिलं तर या गाठी कमी येतात, यावर म्हणे तिकडे खल चालला होता. डॉक्टर म्हणाले, तिकडे लोणी आणि माशाचं तेल घेऊन बसलेत, आपल्याकडे तेलांना काय तोटा आहे? त्यांनी मुंबईहून पांढरे उंदीर मागवले. दवाखान्यामागच्या पडवीत जाळीचे पिंजरे एकावर एक रचले. एकाला शेंगदाण्याचं तेल, एकाला करडईचं, एकाला जवसाचं, एकाला डब्यातलं नवीन वनस्पती तूप, आणि सगळ्यात खालच्या पिंजऱ्याला तिळाचं. भाकरीचा चुरा ज्याच्या त्याच्या तेलात कालवून घालायचा. आठवड्यातून दोनदा डॉक्टर स्वतः ब्रशानं प्रत्येकाच्या पाठीवर डांबर लावायचे. दवाखान्यातला कंपाउंडर या कामाला हात लावेना, तेव्हा उंदरांचं दाणापाणी आक्काकडे आलं.

“गणपतीचं वाहन आहे,” ती मला म्हणाली, “आणि हा त्याला रस्ता समजून डांबर फासतो.”

“मग त्यांना सांग की.”

“मी कोण सांगणारी? शिकलेला माणूस आहे. काहीतरी असेल त्यात.”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या संतापाचं मूळ या वाक्यात आहे.

त्याच सुमारास आक्काच्या तोंडात, डाव्या गालाच्या आतल्या बाजूला एक फोड आला. मशेरीची तिला जुनी सवय, आणि मशेरी ती त्याच बाजूला धरायची. आधी पांढरा चट्टा होता, मग तिथे व्रण झाला, मग तिखट लागलं की ती डोळे मिटून बसायला लागली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि पहिल्याच दिवशी जे सांगायला हवं ते सांगितलं: “आक्का, मुंबईला जाऊन हे कापून घ्यायला हवं. लहान आहे तोवर.” हे मी त्यांच्या खात्यावर चांगल्या बाजूला लिहून ठेवतो. त्या बाजूला एवढंच आहे.

आक्का सुरीला घाबरायची. विंचवाला घाबरायची नाही, सासऱ्याला घाबरली नव्हती, पण सुरी म्हटली की तिचे हातपाय गार. ती आज-उद्या करत राहिली, मी तिच्यामागे लागत राहिलो. अशात वरच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या पाठीवर गाठी दिसायला लागल्या. शेंगदाण्याला आल्या, करडईला आल्या, जवसाला आल्या, वनस्पतीला तर भरघोस आल्या. तिळाच्या पिंजऱ्यात एकालाही नाही.

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. पडवीत उकिडवे बसून ते तिळाच्या उंदरांकडे असे बघत होते, जसा आमच्या कंपनीचा मॅनेजर प्रेक्षकांनी भरलेल्या पिटाकडे बघायचा. मला बोलावून म्हणाले, “बघा, यांच्या पाठीवर डांबरसुद्धा टिकत नाही. तिळाच्या तेलानं कातडीत अशी काही शक्ती येते की ती डांबर जिरवून टाकते.”

मी म्हणालो, “कमाल आहे.” मला खरंच कमाल वाटली होती.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आक्काला सांगितलं की मुंबईची घाई नको. सकाळी अनशापोटी तिळाचं तेल घ्या, जेवणात तेच वापरा, थोडे दिवस बघू.

आक्काचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना. त्या दिवसापासून ती तीर्थ घ्यावं तसं तळहातावर तेल घ्यायची. फोड मात्र वाढत होता. मी विचारलं तर म्हणायची, “उंदरांनाही लगेच नाही गुण आला, नाटक्या.”

पुढे बातमी फुटली. रविवार कारंज्याकडे एका शेटजींचं तेलाचं दुकान होतं. घाण्याचं तेल पिंपातून मापून विकणारा हा माणूस एका आठवड्यात बाटल्या भरायला लागला. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर गुबगुबीत पांढरा उंदीर. शाळेच्या सभागृहात डॉक्टरांचं जाहीर व्याख्यान ठरलं, त्याचा खर्च शेटजींचा.

व्याख्यानाला पंधरा-वीस दिवस असताना एका दुपारी मला तहान लागली. आक्का माठापाशी नव्हती. डॉक्टर जेवून वर झोपले होते. पडवीतून गुणगुणणं ऐकू आलं. लहान मुलाला न्हाऊ घालताना बायका गुणगुणतात तसलं. मी डोकावलो.

आक्का जमिनीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर एक पांढरा उंदीर, शेजारी वाटीत तिळाचं तेल आणि हातात लुगड्याची मऊ चिंधी. सकाळीच लावलेलं डांबर ती तेलानं अलगद पुसून काढत होती. मग तिनं चिमूटभर डाळीचं पीठ लावलं, पाठ चोळली, कोमट पाण्याचा हात फिरवला आणि उंदराला पिंजऱ्यात सोडून दुसरा काढला. उंदीरही असा सवयीनं मांडीवर आला की जणू दिवाळीची पहिली आंघोळ त्याचीच.

“आक्का, हे काय चाललंय?”

“हळू बोल, डॉक्टर उठतील. अभ्यंग घालतेय. बिचाऱ्यांच्या अंगाची आग होते रे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. त्यांनी ब्रश फिरवला की दुपारी मी पुसते.”

“सगळ्यांना?”

“वरच्यांना कशी पुसणार? माझा खांदा धरलाय, वर चुरा टाकते तोच कसाबसा. खालच्याच पिंजऱ्याला पुसते. आणि अभ्यंगाला तिळाचंच तेल लागतं, ते याच पिंजऱ्यापाशी असतं.”

मी भिंतीला टेकलो. मला हसू आलं, ते अगदी पोटातून आलं, आणि अर्ध्या वाटेत त्याचं काय झालं देव जाणे, पण तोंडातून बाहेर पडला तो ओरडा. या उंदरांना गाठी आल्या नाहीत कारण त्यांना डांबरच लागलेलं नव्हतं. डांबर जिरवणारी कातडी म्हणजे माझ्या बहिणीच्या हातातली चिंधी. आणि त्या चिंधीच्या भरवशावर ती मुंबईला जायची थांबली होती, गालात तो फोड घेऊन.

मी तिला समजावलं. हात जोडून, मग हात आपटून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तेलानंच बरे राहिले ना?”

“अगं, तेलानं डांबर निघालं. रोग बरा नाही झाला.”

“पोटातून काय आणि पाठीवरून काय, तेल ते तेल. मी गालाला आतूनही लावते आजपासून.”

“तुझ्या गालाला डांबर लागलंय का, आक्का?”

“तू नाटकात डॉक्टर तरी झाला होतास का कधी?” तिनं विचारलं. “ते शिकलेले आहेत. त्यांनी सांगितलं तर मानेन. तुझे शाप तू तुझ्यापाशी ठेव.”

सांगायला डॉक्टर हवे होते. मी जिन्याकडे पाहिलं. सरळ वर जाऊन त्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला लख्ख दिसत होतं. गृहस्थ विचारात पडले असते, चष्मा पुसला असता, ‘व्याख्यान होऊ द्या, मग पाहू’ म्हणाले असते. थंड डोक्यानं माणूस स्वतःचं नुकसान होईल असं खरं सहसा बोलत नाही. खरं बोलायला त्याला भडकवावं लागतं. आणि प्रवेश कसा लावायचा हे तर मला माहीत होतं.

पुढच्या डांबराच्या दिवशी दुपारी मी आक्का पडवीत जाईपर्यंत थांबलो. तिच्या मांडीवर उंदीर आला, चिंधी तेलात बुडाली, तसा मी जिन्यावरून धडधडत वर गेलो आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात गरजलो, “डॉक्टर, तुमच्या उंदरांचं काय होतंय ते बघा आधी.”

डॉक्टर लेंग्याची नाडी धरून खाली धावले. पडवीच्या दारात थबकले. आक्कानं वर पाहिलं. हातातली चिंधी काळी झाली होती, उंदीर पांढरा.

“हे काय करताय?”

“अभ्यंग,” आक्का म्हणाली.

मग जे झालं ते मी रंगभूमीवरही पाहिलेलं नाही. तो सभ्य माणूस तारस्वरात बोलायला लागला. “किती महिने झाले हे करताय? आक्का, सबंध वर्षाचं वाटोळं केलंत माझ्या. तुम्हाला काय वाटलं, मी यांना गंमत म्हणून डांबर लावतो?”

“पण बरे आहेत ना ते? तेलानंच बरे राहिले.”

“तेलानं कुठले?” डॉक्टर ओरडले. “यांना रोग व्हायलाच मिळाला नाही. तेलाचा काही संबंध नाही. तिळाचं पाजलं काय आणि गोमूत्र पाजलं काय, डांबर पुसल्यावर गाठ येणार कुठून?”

आक्कानं उंदीर हळूच पिंजऱ्यात ठेवला, जाळी लावली, लुगड्याला हात पुसले.

“मग माझ्या गालाचं काय?” ती म्हणाली.

डॉक्टरांचा राग जागच्या जागी विझला. तो विझताना बघणं मला आवडलं, असं म्हणायला मी लाजत नाही. त्यांनी आक्काकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं.

“मुंबईला जा,” ते म्हणाले. “उद्याच.”

“हे तुम्ही आधीही म्हणाला होता.”

“हो.”

“मग मध्ये हे उंदीर कशाला आणलेत?”

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आक्काला घेऊन गेलो. मोठ्या इस्पितळातल्या सर्जननं तपासलं आणि फक्त एवढंच विचारलं की इतके दिवस काय करत होता. मी काय सांगणार? तेल पीत होतो म्हणून? फोड गालातून जबड्यापर्यंत उतरला होता. पहिल्या दिवशी जो तुकडा गेला असता त्याच्या जागी अर्धा गाल आणि जबड्याच्या हाडाचा भाग गेला.

आक्कापाशी मुंबईची आमची मावसबहीण थांबली आणि मी दोन दिवसांसाठी नाशिकला आलो. व्याख्यान ऐकायला जातो असं तिला सांगितलं. मोडायला आलो होतो. मला वाटलं होतं व्याख्यान रद्द झालं असेल, निदान सभागृहाला कुलूप तरी दिसेल. सभागृह भरलेलं होतं. शेटजी पहिल्या रांगेत, टेबलावर बाटल्यांचा मनोरा आणि त्याच्या मागे हार घातलेले डॉक्टर.

माझी अजून आशा होती, हे सांगितलं पाहिजे. वाटलं, आता हा माणूस उभा राहून सांगेल की माझं चुकलं. डॉक्टर उभे राहिले. चष्मा पुसला. पिंजऱ्यांबद्दल बोलले, डांबराबद्दल बोलले, विलायतेबद्दल पुष्कळ बोलले. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिळाच्या तेलाच्या सान्निध्यात ठेवलेल्या उंदरांना गाठी आल्या नाहीत.”

सान्निध्यात. मी आयुष्यभर दुसऱ्यांची लिहिलेली भाषणं म्हटली, शब्द कसे निवडतात ते मला कळतं. या शब्दात एकही खोटं अक्षर नव्हतं. तिकडे माझी बहीण नाकातून नळी घालून दूध घेत होती, आणि इकडे हा सान्निध्य शोधून काढत होता. मला त्या शब्दाचा जेवढा संताप आला तेवढा सर्जनच्या सुरीचाही आला नाही.

मी उभा राहिलो. कमंडलू नव्हता, पण भुवई होती.

“डॉक्टरसाहेब, एक शंका आहे. हाताला डांबर लागलं तर काय लावतात?”

मागून कुणी टांगेवाला ओरडला, “तेल लावत्यात, दुसरं काय?” लोक हसले.

“मग उंदराच्या पाठीला लागलं तर? आणि दर वेळी दुपारी कुणी ते तेलानं पुसून काढत असेल तर? डॉक्टर, पडवीत तुम्ही काय म्हणाला होता ते सांगा ना या मंडळींना. गोमूत्राचं सुद्धा सांगा.”

सगळं सभागृह हसत होतं. मला वाटलं, संपलं. शाप लागला. डॉक्टर खाली बसले, हार गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. मी विजयी मुद्रेनं चहूकडे पाहिलं, आणि तेवढ्यात शेटजी सावकाश उठले.

“मंडळी, साहेबांनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला,” ते म्हणाले. “म्हणजे हे तेल नुसतं पोटातून नाही, बाहेरूनही गुणकारी आहे. पोटात घ्या, वरून लावा. तेल ते तेल.”

आक्काचेच शब्द. तिनं ते भाबडेपणानं म्हटले होते, यांनी पेढी उघडून म्हटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना बऱ्याच जणांच्या हातात बाटल्या होत्या आणि पुढच्या खेपेला चिठ्ठीवर उंदराच्या खाली नवीन ओळ आली: पोटात घ्या, वरून लावा. तिला निमित्त मी. आयुष्यात एवढं परिणामकारक भाषण मी केलेलं नाही.

आक्का परत आली ती पदरानं अर्धा चेहरा झाकून. डावीकडे गाल आत ओढला गेला होता, तोंड एका बाजूला सरकलं होतं, बोलताना शब्द घरंगळायचे. तिनं डॉक्टरांचा स्वयंपाक सोडला आणि आम्ही गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठाजवळ दुसऱ्या खोलीत राहायला गेलो. डॉक्टर एकदा आले. दारातच उभे राहिले, काहीतरी पुटपुटले. आक्कानं विचारलं, “उंदीर कसे आहेत?”

“मेले,” डॉक्टर म्हणाले. “मी पुन्हा सुरुवात केली नाही.”

“बसा,” असं ती म्हणाली नाही. मी तर म्हणणारच नव्हतो.

ती बाहेर फारशी जात नसे. भाजीला मीच जायचो. पण संक्रांतीच्या आधी एकदा तिळगुळाचे तीळ स्वतः निवडून घ्यायचे म्हणून ती माझ्याबरोबर निघाली आणि चांगले तीळ त्या शेटजींकडेच मिळायचे. दुकानात सिन्नरकडची एक बाई उभी होती, हातात बाटली धरून. नवरा मागे बैलगाडीपाशी थांबला होता.

“छातीत गाठ हाय,” ती शेटजींना हळूच सांगत होती. “सरकारी डागदर म्हन्तो कापा. या तेलानं लय गुन येतो म्हन्त्यात.”

“पोटातून घ्या, वरून लावा,” शेटजी म्हणाले. “उंदरांवर सिद्ध झालंय.”

माझी भुवई चढली. मी तोंड उघडलं. आक्कानं माझ्या दंडावर हात ठेवून मला मागे सारलं. परत आल्यापासून चारचौघांत तिनं पदर कधी खाली घेतला नव्हता. तो तिनं खाली घेतला, डोक्यावरून खांद्यावर टाकला आणि त्या बाईच्या समोर जाऊन उभी राहिली. बाई एक पाऊल मागे सरली.

“घाबरू नको, नीट बघ,” आक्का म्हणाली. शब्द घरंगळत होते, म्हणून ती सावकाश बोलत होती. “ते उंदीर मी पुसले होते. ह्या हातानं. म्हणून त्यांना काही झालं नाही. मी हे तेल प्यायले आणि थांबले. थांबले नसते तर एवढं गेलं नसतं. तुझी गाठ केवढी आहे?”

बाईनं अंगठ्याचं पेर दाखवलं.

“मग आजच कापून घे. मी पण सुरीला भीत होते. ते दुखतं, पण संपतं.”

बाईनं बाटली फळीवर ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली.

“आक्का, गिऱ्हाईक का घाबरवता?” शेटजी म्हणाले. आवाज गोड, डोळे नाहीत.

आक्कानं तीळ मागितले नाहीत. ती दुकानाच्या पायरीवर बसली, रस्त्याकडे तोंड करून, पदर खांद्यावर तसाच ठेवून. येणारा-जाणारा बघत होता. दोन बायका दुकानाशी आल्या, थबकल्या, पुढे गेल्या. शेटजींनी मला खूण केली, घेऊन जा म्हणून. मी न पाहिल्यासारखं केलं. हे काम मला उत्तम येतं.

ऊन कलल्यावर ती उठली.

“नाटक्या,” रस्त्यात ती म्हणाली, “दुकान किती वाजता उघडतो रे तो?”

“आठला.”

“मग उद्या लवकर उठव मला.”